नकाशाला पांदण ठाऊक हवी

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाची नोंद गिनीज बुकात झाली. लोणी ते माना या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटरची डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत अंथरली गेली. ऑनलाइन नकाशाला या दोन शहरांमधली वाट विचारली, की तो हाच रस्ता दाखवतो. शंभरेक किलोमीटरचा, सरळ, गुळगुळीत. पण तो हजिऱ्याहून पारादीपला जाणारा रस्ता आहे आणि त्यावर अवजड ट्रक रात्रंदिवस धावतात.

सायकलस्वाराला दुसरी वाट हवी असते. ती आहेही: वलगाव, दर्यापूर, म्हैसांग असं गावांमधून जाणारी. मग नकाशा ती आधी का सुचवत नाही?

याचं उत्तर गणितात आहे. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1956 मध्ये बसवली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्यायची आणि सर्वांत कमी बेरजेची वाट निवडायची. मोटारीसाठी ही किंमत बहुधा वेळेत मोजली जाते. सायकलीसाठी तीत चढ, रहदारी आणि रस्त्याचा पोत धरावा लागतो. गुगलने 2010 मध्ये अमेरिकेत सायकलमार्ग दाखवायला सुरुवात केली. भारतात 2017 च्या डिसेंबरात दुचाकीचा पर्याय आला, पण तो मोटारसायकलींचा विचार करून.

सायकलीचाच विचार करणारी साधनं वेगळी आहेत. केंब्रिजहून 2009 मध्ये सुरू झालेलं ‘सायकलस्ट्रीट्स’ जलद, शांत आणि मधला असे तीन मार्ग समोर ठेवतं. ते ब्रिटनपुरतं. वऱ्हाडात कामी येतं ते ‘बीराउटर’. त्यात चढाला किती दंड लावायचा हे वापरणारा ठरवू शकतो आणि माहिती आधी उतरवून घेतली, तर मेळघाटात रेंज नसतानाही ते चालतं.

चिखलदऱ्याला निघणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण 340 मीटरवर, चिखलदरा 1,118 मीटरवर. परतवाड्यापर्यंत रस्ता बहुतांशी सपाट, खरा घाट त्यानंतर. तिथून धामणगाव गढीची वाट जवळची, घटांगची लांबची. दोन्हींचे चढ-उतार आलेखात शेजारी मांडून पाहिले, की कुठे दम लागणार ते घरीच कळतं. त्यामागची उंचीची मोजमापं बव्हंशी फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने रडारने घेतलेली आहेत.

उंची अवकाशातून मोजता येते. माती कशी आहे, हे मात्र गावातल्यालाच ठाऊक असतं. ‘बीराउटर’चा आधार असलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा 2004 पासूनचा, कोणीही भर घालू शकेल असा नकाशा आहे. त्यात शेतातली पांदण नुसती एक रेघ म्हणून काढलेली असेल, तर यंत्र तिच्यावरून जानेवारीतही नेईल आणि जुलैतही. जुलैत वऱ्हाडातली काळी माती चाकाला, ब्रेकला, मडगार्डला थापली जाते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रेघेपुढे ‘कच्चा, मातीचा’ एवढी नोंद असली, तरी हिशेब बदलतो.

पाण्याचंही तसंच. दर्यापूरची वाट पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातून जाते. तिथल्या हापशाचं पाणी खारं असू शकतं. नकाशावर हापशाची खूण आहे म्हणून मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत मोकळ्या बाटल्यांनिशी निघणं धोक्याचं. पुलांची माहितीही ताजी लागते: गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये तडे गेल्याने बंद झाला आणि अकोला-अकोट रस्त्याची सगळी गणितं बदलली.

या नोंदी करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. अँड्रॉइडवरचं ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे मोफत अ‍ॅप उभ्या जागी साधे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी की मातीचा? इथे दिवे आहेत का? उत्तर दिलं, की ते थेट सामायिक नकाशात जातं. अमरावतीत वडाळीहून पोहऱ्याकडे जाणारे आणि अकोल्यात कृषी विद्यापीठाभोवतीचे रस्ते सकाळच्या फेरीतच नोंदवता येतील. पांदणी मात्र दोनदा पाहायला हव्यात, एकदा हिवाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात.