सागाच्या रानांतील पाऊलवाट व ढोलीचें झाड

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा व हरसूल या बाजूस सागाचीं रानें आहेत. कामानिमित्त आमचे पुष्कळ शेतकरी बंधु तेथील पाऊलवाटांनीं जातात. परंतु पक्षी पाहण्याच्या हेतूनें चालणारा विरळा. शहरांतील हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. मात्र ज्याच्या पिकाशीं या पक्ष्यांचा संबंध, त्यानेंच ते ओळखूं नयेत हें आम्हांस ठीक वाटत नाहीं.

यास माघ-फाल्गुन हे महिने उत्तम. सागाचीं पानें गळून फांद्या उघड्या पडलेल्या असतात व पक्षी लपत नाहीं. पण तींच वाळलेलीं पानें पायांखालीं इतकीं वाजतात कीं, सर्व रान सावध होतें. म्हणून वाटेची मऊ धूळ धरावी व चार पावलें चालून थांबावें. त्या धुळींत मोराचीं, सशाचीं, क्वचित् बिबट्याचींही पावलें दिसतात. यास्तव पहांटेच्या काळोखांत न जातां उजाडल्यावर निघावें आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतावें.

टकटक ऐकूं आली म्हणजे सुतार पक्षी जवळ आहे असें समजावें. सालीखालील किडे व मुंग्या हें त्याचें खाद्य. त्यांतील पिवळसर कपाळाच्या एका लहान जातीस लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १८०१ सालीं मराठ्यांच्या मुलुखावरून शास्त्रीय नांव दिलें. आपल्याकडे त्यास मराठा सुतार म्हणतात. निकोप सागाचें लाकूड कोरणें पक्ष्यास जड जातें. म्हणून जें झाड लांकूडव्यापारी डागी म्हणून टाकून देतो, तेंच वठलेलें झाड सुतारास घरट्यासाठीं हवें असतें. तो बहुधा दरवर्षीं नवी ढोली कोरतो व जुनींत साळुंकी, दयाळ किंवा पोपट बिऱ्हाड करतात. (पोपट द्राक्षें व पेरू नासतो, हें आम्ही नाकारीत नाहीं.) राखी धनेशाची मादी तर मोठ्या ढोलींत शिरून चिखल व विष्ठेनें तोंड लिंपून घेते, केवळ चोंचीपुरती फट ठेवते; नर तिला बाहेरून उंबराचीं फळें भरवतो. अशा वेळीं झाड पडलें तर सर्व कुटुंब जातें.

ढोलींत राहणाऱ्यांपैकीं एकाची हकीकत विशेष आहे. रानपिंगळ्याचें वर्णन ह्यूम यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पत्ता लागेना. तो नामशेष झाला असेंच पुष्कळांनीं धरलें. पुढें ११३ वर्षांनीं, १९९७ च्या नोव्हेंबरांत, पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी व त्यांचे सहकारी यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं सांपडला. २०१४ सालीं तो सह्याद्रीच्या पलीकडे तानसाच्या रानांतही आढळला. तेव्हां मधल्या आमच्या सागाच्या रानांतून जातां त्याच्याकडे लक्ष असूं द्यावें. नेहमींच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ साधें. शिवाय तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकतो.

पहांटे दारीं येणारा पिंगळा आपणांस याच जातीच्या पक्ष्यांची भाषा कळते असें सांगतो, व आपण त्याच्या झोळींत धान्य घालतों; आणि तोच पक्षी घराजवळ ओरडला तर अशुभ म्हणून दगड मारतों! वास्तविक पिंगळा किडे व लहान उंदीर खातो, आणि त्याहून मोठें गव्हाणी घुबड तर मुख्यत्वें उंदरांवरच जगतें. यांना राहण्यास ढोली लागते, आणि शेताच्या बाजूस ती बांधावरच्या जुन्या आंब्यांत किंवा मोहांतच मिळते. असें झाड सरपणासाठीं तोडण्यापूर्वीं उन्हाळ्याच्या तोंडीं आठ दिवस सायंकाळीं त्याच्यावर नजर ठेवावी व बुंध्याशींही पाहावें. घुबडानें ओकून टाकलेल्या केसांच्या व हाडांच्या करड्या गोळ्या तेथें पडलेल्या असतात; एखादी पाण्यांत भिजवून फोडली असतां तिच्यांतील उंदरांच्या कवट्या मोजतां येतात.