हिरवे पान म्हणजे निर्धोक जमीन नव्हे

पावसाळा लागला की बांधावर, माळावर, ओढ्याकाठी टाकळा, कुर्डू, घोळ उगवतात आणि घरोघरी रानभाज्या शिजू लागतात. या भाज्या जरूर खाव्यात, असेच मी रुग्णांना सांगत असतो. परंतु 'खत नाही, फवारणी नाही, मग विष येणार कुठून?' असे कोणी म्हटले, तर ते अर्धेच खरे आहे असे मला म्हणावे लागते. भाजी रानातली असली, तरी तिच्याखालची माती कशी आहे हे पाहायलाच हवे. आर्सेनिकच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

जुन्या लोकांना 'सोमल' ठाऊक असेल. ते आर्सेनिकचेच एक संयुग. अल्प प्रमाणात आर्सेनिक बहुतेक सर्व मातीत असते. खाणीतला टाकाऊ खडक, आर्सेनिकयुक्त जुनी कीटकनाशके, लाकूड टिकवण्याची काही रसायने आणि दगडी कोळशाची राख यांमुळे ते वाढते. काही ठिकाणी तर ते मुळात खडकातच असते. गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा परिसरात ते असेच भूजलात उतरले आहे.

वनस्पती हे विष घेतेच कशी? तिला वाढीसाठी फॉस्फेट लागते. मातीतले आर्सेनेट रचनेने फॉस्फेटसारखेच असल्यामुळे मुळांची फसगत होते आणि ज्या वाटेने अन्न यायचे, त्याच वाटेने विष आत येते. बहुतेक वनस्पती ते मुळांतच अडवून धरतात, पानांपर्यंत थोडेच पोचते. पण सगळ्याच तशा नसतात.

२००१ साली लीना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडामधल्या एका नेच्याची माहिती प्रसिद्ध केली. लाकडावर रसायनांची प्रक्रिया केल्यामुळे दूषित झालेल्या जागेवर तो उगवला होता. दूषित जमिनीवरील या नेच्याच्या सुक्या पानांत किलोमागे ७ ग्रॅमपेक्षाही जास्त आर्सेनिक सापडले, आणि नेचा मात्र टवटवीत! 'टेरिस व्हिटाटा' हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडेही तो जुन्या भिंतींवर उगवतो. दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा उपयोग होतो, मात्र कापलेली पाने जाळून किंवा जनावरांना घालून चालत नाही.

नेचा आपल्या ताटात येत नाही, हे खरे. पण न्यूझीलंडमध्ये वायकाटो नदीत वॉटरक्रेस नावाची पालेभाजी आपोआप वाढते आणि लोक ती खातात. भूगर्भातील उष्ण पाण्याबरोबर त्या नदीत आर्सेनिक येते. तपासणीत या भाजीतले प्रमाण खाद्यपदार्थांसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दिसायला भाजी अगदी निरोगी होती. रोप आजारी पडत नाही, खाणारा पडतो.

माणसाच्या शरीरात आर्सेनिक वर्षानुवर्षे जात राहिले, तर अंगावर काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात-तळपाय खरखरीत होऊन त्यांवर कठीण गाठी येतात. पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी अशाच खुणांवरून हा आजार ओळखला. तेथे विष मुख्यतः कूपनलिकांच्या पाण्यातून येत होते.

मग वाचकांनी काय करावे?

खाणीच्या ढिगाऱ्यावर, राखेच्या तलावाजवळ, कारखान्याच्या सांडपाण्यावर किंवा कचरा डेपोवर उगवलेली भाजी, कितीही कोवळी असली तरी, खुडू नये. तेथे शेळ्या-गुरेही चारू नयेत.

भाजी दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवावी. पानांवरची माती व धूळ त्याने जाते, पानाच्या आत गेलेले आर्सेनिक मात्र धुऊन जात नाही. ते शिजवून नष्टही होत नाही. पाणी उकळल्यानेही आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

बाजारात भाजी घेताना विकणाऱ्या मावशींना ती कुठून खुडून आणली, हे अवश्य विचारावे.

एकाच घरातल्या दोघा-तिघांच्या तळहातांवर अशा गाठी दिसल्या, तर नुसते मलम चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि पिण्याचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एवढे अल्प विष डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही.