गाडीखाली झोपायचा छंद

चिखलाचे फवारे उडवत ओढ्यातून सुसाट निघालेली जीप मोबाइलवर छान दिसते. जाणकार माणूस मात्र ती पाहताना मनातल्या मनात बेअरिंगांचा हिशेब करतो. त्या फवाऱ्यानंतर कोणाला तरी रविवारी पोतं अंथरून गाडीखाली झोपायचं असतं, चारही ड्रम उघडून आतला गाळ धुवायचा असतो. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या बाबतीत हा 'कोणीतरी' बहुधा मालकच निघतो. वर्षभराचा ताळेबंद मांडला तर डोंगरात गेलेला वेळ थोडा आणि गाडीखाली गेलेला वेळ फार, असंच दिसेल. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. ज्याला नुसतं डोंगरात जायचं आहे त्यानं खुशाल नवी गाडी घ्यावी. वातानुकूलित असते, भिजवतही नाही.

महाराष्ट्रात या छंदाची पाळंमुळं खोल गेली, कारण या गाड्या इथेच जोडल्या जात होत्या. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या 'महिंद्र अँड महंमद' या कंपनीनं काही वर्षांतच माझगावात विलिज जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग अमेरिकेहून पेट्यांमधून येत. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. पुढे सीजे-३बी आली. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर 'जीप' म्हणून जी गाडी उभी राहते ती हीच: उंच बॉनेट, ८० इंचांचा आखूड व्हीलबेस, आणि कित्येक गाड्यांच्या मागच्या फळीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह'. बॉनेटची ती उंची ऐटीसाठी दिलेली नव्हती. तिच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर डोक्यावर नेले, त्यानं इंजिन उंच झालं आणि त्यावरचं झाकणही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ पर्यंत बनत होतं. आपल्याकडे त्याच घराण्यातल्या गाड्या त्यानंतरही कित्येक दशकं निघत राहिल्या.

तहसीलदाराची जीप, वनखात्याची जीप, साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप अशी त्यांची ओळख गावोगाव झाली. ऐंशीच्या दशकात पेजोचं डिझेल इंजिन बसवलेली एमएम ५४० आली. लांबुडक्या कमांडर आणि ट्रॅक्स गाड्या वडापाला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागल्या आणि बसायला दहा जागा असल्या तरी वीस माणसं वाहू लागल्या. छंदवाल्यांनी वडापवाल्यांचं ऋण मानायला हवं. त्यांच्यामुळेच तालुक्या-तालुक्यात जीपचा फिटर तयार झाला, कमानपाट्याची दुकानं उभी राहिली आणि क्रॉस बेअरिंग, किंगपिन, व्हील सिलिंडर अशा वस्तू बाजारपेठेच्या गावी सहज मिळू लागल्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या परदेशी मोटारीचा मालक एका रबरी सीलसाठी महिनोन्महिने वाट बघतो. जीपवाला दुपारी जाऊन घेऊन येतो.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि छंदवाल्यांत दोन पंथ झाले. पहिल्या जिप्सीचं इंजिन जेमतेम ९७० सीसीचं होतं, ताकद ४५ अश्वशक्ती. पण गाडीचं वजन टनभराच्या आसपास, त्यामुळे जिथे जड जीप रुतते तिथून ती वरवर निघून जाते. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली, पुढे तिला एमपीएफआय इंजिन मिळालं. जीपवाले तिला खेळणं म्हणतात आणि जिप्सीवाले जीपला ट्रॅक्टर म्हणतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

आता फोर-व्हील-ड्राइव्हच्या जास्तीच्या लिव्हरांकडे येऊ. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे असतात. एकानं पुढचा अ‍ॅक्सल जोडला जातो, दुसऱ्यानं लो रेंज पडते. लो रेंजमध्ये वेग सुमारे अडीच पट कमी होतो आणि चाकावरचा जोर तितकाच वाढतो. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, गाडी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश दगडांवरून चढत जाते. या छंदातलं सगळं कसब या सावकाशीत आहे. उतारावर ब्रेकही दाबायचा नाही आणि क्लचही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये गाडी इंजिनाच्या ओढीवर उतरू द्यायची. ब्रेक दाबून चाकं लॉक झाली की गाडी घसरते, आणि घसरणारी गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

याच यंत्रणेची एक मर्यादा नव्या माणसाला कोणी सांगत नाही. पुढचा अ‍ॅक्सल जोडला की पुढची आणि मागची चाकं एकाच वेगानं फिरायला बांधली जातात. वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून हा फरक भागवून घेतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, सगळा पीळ ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो, आणि मग लिव्हर काढू म्हटलं तरी निघत नाही. म्हणून डांबरावर फोर-व्हील नको. दुसरी गोष्ट डिफरन्शियलची: साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक मोकळं त्यालाच फिरायची मुभा मिळते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं, की 'फोर-व्हील' गाडीची दोन चाकं हवेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ उभी राहतात. अशा वेळी एक्झॉस्टमधून नुसता धूर काढण्यापेक्षा खाली उतरून चाकाखाली दगड लावणं शहाणपणाचं. खरं तर आधीच उतरून, वाट पायी चालून बघणं त्याहून शहाणपणाचं.

टायरमधली हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. तीसच्या जागी पंधरा-अठरा पौंडांवर आणली की टायर जमिनीला लांबीत जास्त चिकटतो आणि वाळूत किंवा भुसभुशीत मातीत गाडी तरंगल्यासारखी जाते. परत डांबरावर येताना हवा भरायला लहान कॉम्प्रेसर मात्र सोबत हवा. आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जीपमध्ये अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटा झटका देतं आणि अंगठा मोडतो.

पाण्याचं प्रकरण मात्र सावकाश समजून घेण्यासारखं आहे. इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. खालचा धोका कोणाच्या लक्षात येत नाही. चालून चालून अ‍ॅक्सल तापलेला असतो. तो ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत खेचलं जातं. गाडी तेव्हा काहीच तक्रार करत नाही. आठ दिवसांनी नट उघडून बघावं तर गिअर ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं असतं. त्यात फिरणाऱ्या बेअरिंगांचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून ओढे ओलांडून आल्यावर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासायचं, ग्रीसच्या निपलांना नवं ग्रीस दाबून जुनं पाणी-माती बाहेर काढायची, ब्रीदर फुंकून साफ करायचा. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर नेली, तर शे-दोनशे रुपयांत बरीच पुढची डोकेदुखी वाचते. मोठे टायर, विंच आणि छतावरच्या दिव्यांची माळ यांच्यावर पैसे ओतणारे लोक ही नळी लावायची मात्र विसरतात.

जुन्या जीपचा खास आजार म्हणजे व्हॉबलिंग. साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थरथर जात नाही. घाईचा मेकॅनिक स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतो आणि आजार झाकतो. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघावं. खेळ जाणवला तर किंगपिन किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉड एंड. किंगपिनची शिम बरोबर बसली, त्याच वेळी अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोळ्यावरचा नमदा आणि सील बदलून घेतले, की ग्रीसची गळतीही थांबते. पाट्यांचं तसंच. वडापातून आलेल्या गाडीला भार पेलण्यासाठी जादा पाटे घातलेले असतात. ते काढले की चाकं वर-खाली मोकळी होतात आणि खडबडीत वाटेवर जमीन सोडत नाहीत. इथे पैसे घालून उंच पाटे बसवण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही. गाडी उंच केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात, आणि कलंडायची भीती वाढते ती वेगळीच.

घ्यायची झाली तर आरसी बुक आधी वाचावं, रंग नंतर बघावा. पेट्रोल परवडेना म्हणून पूर्वी कित्येक जीपमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. काही मालकांनी तशी नोंद करून घेतली, काहींनी घेतली नाही. इंजिन नंबर जुळत नसेल तर स्वस्त गाडी महाग पडते. चॅसिसला जिथे पाट्यांचे हँगर बसतात तिथे हातोडीनं ठोकून बघावं. तिथला पत्रा कुजला असेल तर आवाजच सांगतो. लष्करातून लिलावात निघालेली जोंगा दिसायला रुबाबदार असते. जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या या निसान वंशाच्या गाडीचं पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटरचं आहे, एवढं सांगितलं की पुढचं गणित ज्यानं त्यानं करावं.

पेट्रोलवरून आठवलं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरच्या जमान्यातले रबरी पाइप, पंपाचा पडदा, गॅस्केट यांची त्याच्याशी गाठ कधी पडलेलीच नव्हती. ती फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेतं, त्यामुळे महिनाभर उभ्या राहिलेल्या जीपच्या टाकीला आतून गंज धरतो. पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या जातीचे घालावेत आणि गाडी दर आठवड्याला थोडी तरी चालवावी. एकेकाळी कारखान्याच्या चेअरमनना घेऊन उसाच्या फडातून हिंडलेल्या जीपच्या कार्बोरेटरला आता उसाचाच अल्कोहोल खातो आहे, ही गंमत आमच्या फिटरला फार आवडते.

गाडी न्यायची कुठे, हा खरा नाजूक प्रश्न. घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, आणि 'इथे काय बिघडणार' असं वाटतं. त्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवं, गेंद आणि कीटकभक्षी दवबिंदू फुलतात. चाकोरी पडली की पाणी तिच्यातून वाहू लागतं आणि ती बोटभर मातीही घेऊन जातं. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं म्हणून ते राखायचं आणि शेजारचे बिननावाचे सडे तुडवायचे, याला काही अर्थ नाही. राखीव जंगलात वाट सोडून गाडी घालणं तर थेट गुन्हा आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांवर गोव्यात पोलीस गुन्हे दाखल करतात. परवानगीनं मिळालेली खासगी जमीन, बंद पडलेल्या खाणी, मुद्दाम बांधलेले ट्रॅक हे रस्ते उरतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा बघायला जरूर जावं. तिथल्या गाड्या घरगुती छंदाच्या पलीकडच्या असतात, पण विंचच्या ताणलेल्या दोरावर आधी जाड कापड टाकणारी आणि त्या दोराच्या आसपास कोणाला फिरकू न देणारी शिस्त उचलण्यासारखी आहे.

राहता राहिला आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्यामुळे भले थोरले टायर आणि कापलेले बंपर घेऊन रस्त्यावर येणाऱ्यानं दंडाची तयारी ठेवावी. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. साठच्या दशकातल्या सीजे-३बीला वयानं हा मान मिळू शकतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे मॅटाडोरचं इंजिन घातलेली बाद. आणि ज्या गाडीला हा मान मिळेल ती प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई. त्यामुळे अस्सल मूळ जीप बाळगणारे माझ्या ओळखीतले काही जण 'व्हीए'च्या वाटेला न जाता अजूनही दर पाच वर्षांनी आरटीओच्या रांगेत उभे राहतात.