हृदयविकाराच्या झटक्यानंतरची जीवन-गुणवत्ता (मुंबई उपनगर)

हृदयविकाराच्या झटक्यानंतरची जीवन-गुणवत्ता म्हणजे झटक्यातून वाचलेल्या व्यक्तीला स्वतःचे शारीरिक बळ, मनःस्थिती, नातेसंबंध आणि दैनंदिन व्यवहार कसे वाटतात, याचे मूल्यमापन होय. हृदयाची कार्यक्षमता इकोसारख्या तपासणीतून कळते. जीवन-गुणवत्ता मात्र रुग्णाला विचारूनच कळते. या दोन्ही गोष्टी नेहमी जुळतात असे नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांसारख्या उपनगरांत जिना, लोकलचा प्रवास आणि घराची जागा यांमुळे ही तफावत विशेष जाणवते.

मोजमाप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीत शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसरविषयक असे चार विभाग आहेत. राहते घर, पैसा, आरोग्यसेवा आणि वाहतूक हे विषय परिसरविषयक विभागात येतात. 'मॅक्न्यू' ही खास हृदयरुग्णांसाठीची २७ प्रश्नांची प्रश्नावली असून ती मागील दोन आठवड्यांतील अनुभव विचारते. 'सिअ‍ॅटल अँजायना' प्रश्नावलीचा भर छातीतील वेदनेवर व तिच्यामुळे येणाऱ्या मर्यादांवर असतो.

उपनगरांतील परिस्थिती

जिना सावकाश चढताना शरीराला विश्रांतीच्या सुमारे चौपट ऊर्जा लागते. ओझे घेऊन चढताना त्याहून अधिक. गुंतागुंत न झालेला रुग्ण काही आठवड्यांत हे श्रम सहसा पेलू शकतो. तथापि उद्वाहन नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा रुग्ण धाप लागण्याच्या भीतीने खाली उतरणेच टाळतो. बाजार, देऊळ, कट्ट्यावरच्या गप्पा हे सारे त्यामुळे सुटते आणि शारीरिक मर्यादा सामाजिक मर्यादा बनते. घाटकोपरजवळील असल्फा येथील टेकडीवरच्या वस्तीत घरापर्यंत पायऱ्यांनीच जावे लागते. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोचे स्थानक पायथ्याशी आहे आणि त्यात उद्वाहनाची सोय आहे. खरी चढण त्यानंतर सुरू होते.

अंधेरी व बोरिवली पश्चिम रेल्वेवर, तर घाटकोपर व मुलुंड मध्य रेल्वेवर आहेत. कामावर परतणे म्हणजे अनेकांसाठी पुलाचा जिना, गर्दीत चढणे आणि बराच काळ उभे राहणे. बैठे काम असलेल्या कारकुनाला डॉक्टर कामाची परवानगी देतात तेव्हा कामापेक्षा प्रवास अधिक श्रमाचा असू शकतो, ही गोष्ट सल्ल्यात पुष्कळदा निसटते. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिचे दरवाजे बंद होत असले तरी भाडे साध्या लोकलपेक्षा जास्त आहे. रिक्षाचालक, हमाल, फेरीवाले यांना पगारी रजा नसल्याने ते अनेकदा पुरेशी विश्रांती न घेताच कामाला लागतात.

स्त्रियांच्या बाबतीत 'कामावर परतणे' हा प्रश्नच अनेकदा विचारला जात नाही. पाणी भरणे, कपडे धुणे, ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे हे घरी आल्यावर लगेच सुरू होते आणि ते श्रमांत मोजले जात नाही.

मानसिक परिणाम

झटक्यानंतर साधारण पाचांपैकी एका रुग्णात लक्षणीय नैराश्य आढळते. छातीत किंचित कळ आली तरी झोप उडणे, एकटे बाहेर न पडणे, जिभेखाली ठेवायची गोळी सतत चाचपून पाहणे ही भीतीची लक्षणे होत. अतिकाळजीपोटी घरचे लोक रुग्णाला काहीच करू देत नाहीत, त्यानेही आत्मविश्वास खचतो. शरीरसंबंधांविषयीची शंका बहुधा रुग्ण बोलून दाखवत नाही. दोन मजले चढताना त्रास होत नसेल तर ते सामान्यतः सुरक्षित मानले जातात. काही औषधांनी येणारा थकवा रुग्णाला आजार बळावल्यासारखा वाटतो आणि तो परस्पर गोळ्या बंद करतो. स्टेंट बसवलेल्या रुग्णात रक्त गोठू न देणारी औषधे अशी थांबवणे जिवावर बेतू शकते.

खर्च

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत सुमारे २९,६०० रुपये ठरवली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. पात्र कुटुंबांना तिच्यातून अँजिओप्लास्टी मिळते.

हृदय-पुनर्वसन

देखरेखीखालील व्यायाम, आहार, तंबाखूमुक्ती, औषधांचे नियमन आणि समुपदेशन यांचा एकत्रित कार्यक्रम म्हणजे हृदय-पुनर्वसन. भारतात २४ केंद्रांवर ३,९५९ रुग्णांमध्ये योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीन महिन्यांत १३ सत्रे, असे तिचे स्वरूप होते. केवळ माहिती-सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत मृत्यू, पुन्हा झटका अशा घटनांत स्पष्ट घट दिसली नाही. मात्र रुग्णांनी स्वतः नोंदवलेली प्रकृती किंचित सुधारली आणि पूर्वीच्या दिनक्रमाकडे परतण्याचे प्रमाण वाढले.

केंद्रावर वारंवार जाणे हाच उपनगरातील रुग्णापुढचा अडथळा असतो. घरी राहून करायचा कार्यक्रम योग्य निवडीच्या रुग्णांत केंद्रातील कार्यक्रमाइतकाच परिणामकारक असल्याचे अभ्यासांतून दिसते. त्याचा गाभा रोजचे चालणे हा आहे. बोरिवलीतील रुग्णाला त्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. असल्फाच्या टेकडीवरील रुग्णाला सपाट रस्त्यावर चालण्यासाठी आधी पायऱ्या उतराव्या लागतात आणि व्यायाम संपल्यावर त्या पुन्हा चढाव्या लागतात.