बंदी आहे, उपचार कुठे?

पुलगावला लागून असलेले नाचणगाव ज्या वर्धा जिल्ह्यात येते, तिथे 1974 पासून दारूबंदी आहे. म्हणून तिथे व्यसनमुक्तीचे काम कमी लागते, असे मानणे घातक आहे. बंदी बाटली दुर्मीळ करते; जडलेले व्यसन ती बरे करत नाही. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर हात थरथरतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो. वेळेवर औषध मिळाले नाही, तर जीव जाऊ शकतो. अशा माणसाला पोलीस ठाण्याआधी दवाखाना हवा.

‘मनात आणले की सुटते’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. मन लागतेच, पण नुसत्या शपथेने मेंदूची सवय मोडत नाही. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसले. बाकीच्यांना इच्छाच नव्हती, असे कसे म्हणायचे? 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे औषधाइतकेच महत्त्व समुपदेशनाला, कुटुंबाला आणि नंतरच्या पाठपुराव्याला आहे.

मग बंदी उठवावी का? मला तसे वाटत नाही. बंदी आणि उपचार सोबत चालू शकतात: दारूबंदी असलेल्या गडचिरोलीतच 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचे अभियान सुरू झाले. गावसंघटनांच्या जोडीला तालुक्या-तालुक्यांत उपचार केंद्रे आली. वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगीला मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथला मानसोपचार ठरलेल्या वारी नाचणगावजवळ आला, तर मजुरी बुडवून जिल्ह्याला जाण्याची पाळी येणार नाही.