सातच्या जागी नऊ चालेल?

शाळेतल्या संगणकाचा यूपीएस काही वर्षांनी दगा देऊ लागतो. वीज गेली की मिनिटभरात पडदा काळा. दोष बहुधा आतल्या बॅटरीचा असतो. तिच्यावर '12 व्होल्ट, 7 अँपिअर-तास' असे छापलेले असते आणि दुकानदार 9 अँपिअर-तासांची पुढे करतो. चालेल का? आणि 9 चालत असेल तर मोटारीची 35 ची का नको?

व्होल्टचा आकडा बदलायचा नाही. तिथे तडजोड नाही. अँपिअर-तास हा साठा आहे. व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची, अँपिअर-तास म्हणजे तिच्यात मावणारे पाणी. टाकी मोठी बसवली म्हणून नळाची धार वाढत नाही. तसेच बॅटरीतून किती प्रवाह जाणार हे जोडलेले उपकरण ठरवते. 'जास्त अँपिअर-तासांची बॅटरी उपकरण जाळते' ही समजूत म्हणूनच खोटी आहे.

पण टाकीची उपमा एका ठिकाणी फसते आणि ते वर्गात जरूर सांगावे. 7 हा आकडा बॅटरी 20 तासांत सावकाश, म्हणजे 0.35 अँपिअरने, रिकामी केली तरच मिळतो. संगणकाला 150 वॅट लागत असतील तर यूपीएसमधला अपव्यय धरून बॅटरीतून सुमारे 15 अँपिअर वाहतात. त्रैराशिकाने उत्तर येते 28 मिनिटे. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम त्याच्या निम्मी. इतक्या घाईत शिशाच्या पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांत ताजे आम्ल वेळेवर पोचत नाही.

9 ची बॅटरी सहसा 7 च्याच मापाच्या खोक्यात येते. ती खुशाल बसवावी. भरायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकेच.

35 ची गोष्ट वेगळी. तारा बाहेर काढून ती जोडली की यूपीएस चालतो, म्हणून लोक फसतात. लहान यूपीएसचा चार्जर अनेकदा एक अँपिअरही देत नाही. त्याला ही बॅटरी भरायला दीड-दोन दिवस हवेत. रोज भारनियमन असेल तर ती कधीच पूर्ण भरणार नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि ती अकाली मरते. शिवाय मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, तळापर्यंत उपसण्यासाठी नव्हे. खरा धोका यूपीएसलाच आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टर दहा-पंधरा मिनिटांच्या उष्णतेच्या हिशेबाने बसवलेले असतात; त्यांना तास-दीड तास राबवले तर आवरण वितळून आग लागू शकते. त्यात चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. बंद खोलीत एक ठिणगी पुरे.

साठा लहान केला तर उलटे होते. घड्याळाने किंवा साध्या रोधाने चालणाऱ्या चार्जरला सेल बदलल्याचे कळत नाही. 600 मिलिअँपिअर-तासांच्या निकेल सेलला तो 60 मिलिअँपिअर 14-16 तास देतो. त्या जागी 300 चा सेल घातला तर तो भरल्यावरही प्रवाह चालूच राहतो आणि सेल तापतो. 2000 चा घातला तर अर्धाही भरत नाही.

हे मुलांकडून मोजून घेता येईल. पूर्ण भरलेल्या 7 च्या बॅटरीला फ्यूजमधून मोटारीचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा दिवा जोडा. दर पंधरा मिनिटांनी व्होल्ट नोंदवा आणि 10.5 ला थांबा. गणित चार तास सांगते. घड्याळ काय सांगते ते फळ्यावर लिहा आणि बॅटरी लगेच पुन्हा चार्जिंगला लावा.