अडलेलं छप्पर आणि एक चिंचोका

मुलांनो, जून महिन्यातली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. येऊरच्या डोंगरावर काळेकुट्ट ढग जमलेत. उपवनच्या बाजूनं गार वारा सुटलाय. वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीत दोऱ्यांवरचे कपडे काढायची धांदल उडालीय. आणि खाली पार्किंगमध्ये शेजारचे काका आपल्या गाडीभोवती फेऱ्या मारताहेत. कारण? गाडीच्या टपावरची सरकती काच, म्हणजे सनरूफ, बंदच होईना!

बटण दाबलं की काच सुरुवातीला गुमान पुढे यायची. पण चार बोटांची फट उरली की थबकायची आणि काही केल्या पुढे न जाता उलट मागे पळायची. काकांनी बटण दहा वेळा तरी दाबलं असेल. जमलेल्या मंडळींच्या सल्ल्यांना तर ऊत आला होता. कुणी म्हणालं, "वरून दोन्ही हातांनी ढकला." कुणी म्हणालं, "रुळात तेल ओता." एकानं तर हातोडीसुद्धा आणली!

माझी सातवीतली भाची बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. ती हळूच म्हणाली, "काका, ती दर वेळी एकाच जागी अडते. मग तिथंच काहीतरी असेल ना?"

साधा प्रश्न. पण त्या गर्दीत तो कुणालाच सुचला नव्हता.

किती पाणी आत आलं असतं?

काका एवढे का घाबरले होते, ते आधी गणितानं पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की तिथं बरोबर एक लिटर पाणी जमतं. विश्वास नाही बसत? गुणाकार करून बघा. आता छपराची फट ८० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद धरू. म्हणजे ०.४ चौरस मीटर. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर आत किती पाणी येईल? दहा लिटर! तेही सीटवर, सीटखालच्या वायरींवर आणि गालिच्यावर. ठाण्यात एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा २५ मिलिमीटर म्हणजे आपल्याकडची अगदी साधी सर झाली.

छपराच्या आत दडलंय काय?

गाडीच्या छपराला झरोका पाडायची हौस तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या नॅश कंपनीनं १९३७ सालीच आपल्या गाडीला सनरूफ दिलं होतं. आपल्याकडे मात्र हे छप्पर बरीच वर्षं महागड्या गाड्यांपुरतंच होतं. आता मध्यमवर्गीय घरांतल्या गाड्यांनाही ते दिसू लागलंय.

ते चालतं कसं? काचेच्या दोन्ही बाजूंना दोन रूळ असतात. छपरात एक छोटी विजेची मोटर असते आणि तिला दातेरी चाक असतं. त्या चाकात दोन लवचीक पण ताठ केबल अडकलेल्या असतात. चाक फिरलं की या केबल काचेच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकाच वेळी, सारखंच ढकलतात किंवा ओढतात.

सारखंच का बरं? घरातला जुना लाकडी खण एका बाजूनं ढकलून पाहा. तो तिरका होऊन अडकतो की नाही? काचेचंही तसंच होतं. म्हणून एका बाजूला हातानं जोर लावणं म्हणजे धडधाकट बाजूही बिघडवणं. त्यात केबल दात्यांवरून घसरली, तर पाच मिनिटांचं काम पाच हजारांवर जायला वेळ लागत नाही.

आणि आता खरी गंमत!

तुम्हाला वाटत असेल, की बंद छपरातून पाण्याचा थेंबही आत येत नाही. पण तसं नाही बरं का! काचेच्या कडेला रबराची पट्टी असते. ती बरंचसं पाणी बाहेरच थोपवते. तरी थोडं पाणी झिरपतंच, आणि ते झिरपणार हे गाडी बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्यांनी काचेखाली चारी बाजूंनी एक पन्हळ ठेवलेली असते. तिच्या कोपऱ्यांना भोकं असतात. भोकांना जोडलेल्या बारीक नळ्या गाडीच्या खांबांतून खाली उतरतात आणि पाणी जमिनीवर सोडतात. कौलारू घराची पन्हळच म्हणा ना!

म्हणजे पाणी अडवायचं आणि जे अडलं नाही त्याला वाट करून द्यायची, अशी ही दुहेरी युक्ती आहे. आता त्या भोकात गुलमोहराची बारीक पानं, सोनमोहराच्या पाकळ्या आणि उन्हाळाभराची धूळ जाऊन बसली तर? पाणी तुंबणार आणि गाडीत ठिबकणार. तोच चिखल रुळात वाळला, की काच अडणार. उन्हाळ्यात कित्येक महिने छप्पर उघडलंच नाही, तर तापलेलं रबरही काचेला चिकटून बसतं. म्हणून या तक्रारी नेमक्या पहिल्या पावसात डोकं वर काढतात.

आधी कान, मग डोळे, शेवटी हात

डॉक्टर आधी नाडी बघतात, मग औषध देतात. आपणही तसंच करायचं. बटण एकदाच दाबायचं आणि कान द्यायचा.

आवाजच आला नाही, तर दुखणं बहुधा विजेचं असतं. फ्यूज उडाला असेल. किंवा गाडीची बॅटरी काढून परत लावली असेल, तर काच कुठं थांबायची हे छप्पर विसरलं असेल. ते त्याला पुन्हा कसं शिकवायचं, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

मोटर घुमते पण काच हलत नाही? मग रबर चिकटलंय किंवा रूळ मळलेत. "टक्‌ टक्‌" असा आवाज येतोय? मग दाते घसरताहेत किंवा काही तुटलंय. तिथंच थांबा. हे काम आपलं नव्हे.

आणि काच थोडी पुढे येऊन परत मागे गेली तर? बऱ्याच गाड्यांत अशी सोय असते, की बंद होताना वाटेत काही लागलं, तर 'कुणाचं बोट सापडलं असेल' असं समजून काच मागे फिरते. काकांची काच नेमकं हेच करत होती. बिचारी बिघडली नव्हतीच, ती काळजी घेत होती!

मग भाचीनं पुढचं काम सुरू केलं. पण त्याआधी एक अट घातली गेली, ती तुम्हीही पाळायचीच. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि किल्ली गाडीपासून दूर. त्या दिवशी ती बाकावर बसलेल्या आजींच्या मुठीत होती. रुळात बोट असताना चुकून जरी बटण दाबलं गेलं तर काय होईल, याची कल्पना करा. काच मागे फिरण्याची सोय आहे म्हणून तिच्या भरवशावर बोट घालायचं नाही.

काका शिडी धरून उभे राहिले. भाचीनं वरून टॉर्चचा झोत रुळावर टाकला. उजवा रूळ धुळीनं माखलेला, पण मोकळा होता. डाव्या रुळात मात्र नेमक्या त्या जागी तपकिरी, चकचकीत असं काहीतरी बसलं होतं. आईच्या भुवयांच्या चिमट्यानं तिनं ते अलगद उचललं. काय निघालं असेल? चिंचोका!

तो तिथं आला कसा, हे विचारायची गरज पडली नाही. काकांचा धाकटा लेक एकदम आपल्या चपलांकडे पाहू लागला. मे महिन्याच्या सुट्टीत छपरातून डोकं बाहेर काढून चिंचा खायचा कार्यक्रम झाला होता म्हणे!

पुढची पाऊण तासाची चाकरी

चिंचोका निघाला, तरी काम अर्धंच झालं होतं. रुळातली धूळ जुन्या टूथब्रशनं सुटी केली. मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं रूळ आणि रबर पुसलं, आणि लगेच कोरडं केलं.

मग निचऱ्याची परीक्षा. पन्हळीच्या एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओतायचं. ते भोकातून गेलं पाहिजे आणि काही क्षणांत गाडीखाली ठिबकलं पाहिजे. पुढच्या नळ्यांचं पाणी बहुधा पुढच्या दारांच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या मागे उतरतं. मागच्या नळ्यांचं मागच्या चाकाच्या आसपास. जागा गाडीगाडीप्रमाणे बदलते, म्हणून एकानं वर ओतायचं आणि दुसऱ्यानं खाली वाकून शोधायचं.

तीन कोपरे पास झाले. पुढचा डावा नापास! पाणी तिथं तसंच तरंगत राहिलं. लोखंडी तार खुपसायचा मोह होतो, पण तारेनं नळी फाटते. जोराची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, आणि मग पाणी थेट गाडीत उतरतं. आम्ही मासे धरायच्या गळाची जाड नायलॉनची दोरी घेतली. तिचं टोक गोलसर केलं आणि फिरवत फिरवत, कुठंही जोर न लावता आत सारली. हाताला थोडं अडखळल्यासारखं झालं, आणि खाली काळपट पाण्याची धार लागली. पोरांनी टाळ्याच वाजवल्या!

काय लावायचं, काय नाही?

रूळ कोरडे झाल्यावर त्यांना सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवायचं. माहितीपुस्तिकेत वेगळं ग्रीस सांगितलं असेल, तर तेच वापरायचं. जास्त लावलं म्हणजे जास्त चांगलं, असं मुळीच नाही. जादा ग्रीसला धूळ चिकटते आणि महिन्याभरात पुन्हा चिखल तयार!

घरातलं खोबरेल तेल चालेल का? छे! डिसेंबरात खोबरेल थिजतं, हे तुमच्या न्हाणीघरातल्या बाटलीनं तुम्हाला शिकवलेलंच आहे. इंजिनाचं तेल किंवा पेट्रोलियम जेली रबराला लावली, तर रबर फुगतं आणि सैल पडतं. रबराला सिलिकॉनच बरं.

मग किल्ली आजींकडून परत आली. काकांनी बटण दाबलं. काच सरसर पुढे आली, त्या जागेवरून पुढे गेली आणि "टप्‌" असा आवाज करून मिटली. पहिले टपोरे थेंब पडले, तेव्हा आम्ही शिडी आत नेत होतो.

हे मात्र मेकॅनिककडेच

रूळ वाकलाय, केबल तुटलीय, काचेला तडा गेलाय, तर हात आखडता घ्या. छपराचं आतलं कापड तर कधीच ओढून काढू नका. पुष्कळ गाड्यांत त्याच्या कडेला, दारांच्या वर, अपघातात फुगणाऱ्या एअरबॅग दडवलेल्या असतात. त्यांच्याशी खेळ नको. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी पुस्तिका वाचा.

आणि पाऊस अंगावरच आला असेल तर? काही गाड्यांत मोटरला एलन-की लावून काच हातानं बंद करता येते. तेही जमत नसेल, तर जाड प्लास्टिकचा कागद टपावर पसरायचा, त्याच्या दोन्ही कडा दारांच्या आत घेऊन दारं लावायची, आणि पुढच्या-मागच्या कडांना चिकटपट्टी. गाडी तशीच उभी ठेवायची, दुरुस्ती उद्या.

करून बघा

तुमच्याकडे गाडी नाही? काही बिघडत नाही. घरातली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी हे सनरूफचं सख्खं भावंड आहे. तिच्या खालच्या रुळात नीट बघा. बाहेरच्या बाजूला छोटी भोकं दिसतील. पावसाचं पाणी घरात न येता बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. रुळात अर्धा कप पाणी ओता. ते बाहेर गेलं नाही, तर टूथब्रश घ्या आणि आतूनच रूळ आणि भोकं साफ करा. खिडकीबाहेर वाकायचं मात्र नाही, आणि घरातलं मोठं माणूस जवळ हवं. यंदाच्या पावसात खिडकीखालची भिंत कोरडी राहिली, तर श्रेय तुमचं!

आई-बाबांसाठी

छप्पर उघडलं की मुलं सीटवर उभी राहून डोकं बाहेर काढतात. फोटो छान येतो, म्हणून आपणही काही बोलत नाही. पण ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. अचानक ब्रेक दाबला, तर उभ्या मुलाला धरायला काहीच नसतं. समोरून फांदी किंवा पतंगाचा मांजा आला, तर चुकवायला वेळ नसतो. चालत्या गाडीत मुलांची जागा सीटवर, पट्टा लावून, एवढं नक्की ठरवा. दुरुस्तीच्या वेळी मात्र त्यांना हाकलू नका. टॉर्च धरायला द्या आणि काय दिसतंय ते विचारा.

आणि हो, तो चिंचोका भाचीच्या कंपासपेटीत आहे. सोसायटीत काहीही अडलं, की मुलं आता आधी तिच्याकडे टॉर्च मागायला येतात.